पीटीच्या तासाला मोबाईल : एक चिकित्सा

गेल्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरातल्या एका शाळेच्या मैदानावर मी काही सकाळी नुसता बसून काढल्या. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण त्याच अटीवर परवानगी मिळाली होती. आठवीच्या मुलींचा लांब उडीचा तास होता. वाळूचा खड्डा, त्याच्या अलीकडे फक्कीची पांढरी रेघ, सरांच्या गळ्यात शिट्टी. यातलं काही नवं नव्हतं. नवा होता तो सरांनी खिशातून काढलेला मोबाईल. बरं नाही म्हणून कट्ट्यावर बसलेल्या एका मुलीला त्यांनी हाक मारली, ‘तू शूटिंग कर.’ मग एकेक मुलगी धावत येई, उडी मारी आणि अंगावरची वाळू न झटकताच मोबाईलकडे पळे. स्वतःची उडी पाहताना या मुली काय बोलत होत्या ते मी वहीत टिपून ठेवलं आहे. ‘वेणी बघ ना कशी उडतेय.’ ‘ओढणी किती वाईट दिसतेय.’ ‘मी एवढी जाड आहे?’ पावलाबद्दल, रेघेबद्दल, हातांबद्दल कोणीच काही बोललं नाही. सातव्या की आठव्या उडीनंतर ती शूटिंग करणारी मुलगीच म्हणाली, ‘सर, ही रेघ आली की पाऊल बारीक करते.’ सरांनी व्हिडिओ पुन्हा लावला. तिचं खरं होतं.

शारीरिक शिक्षणात मोबाईलचा उपयोग करावा की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे दोनच तऱ्हेची उत्तरं ऐकू येतात. एका बाजूला तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा, दुसऱ्या बाजूला ‘निदान मैदानावर तरी मोबाईल नको’ म्हणणारे पालक. त्या तासात मी जे पाहिलं ते या दोन्ही उत्तरांत बसत नाही. उड्या मारणाऱ्या मुलींना व्हिडिओने फार काही शिकवलं नाही. जी खेळत नव्हती तिला मात्र पाहायला शिकवलं.

साहित्याच्या दिवाळी अंकात हा विषय कशासाठी, असं कोणी विचारेल. मी स्वतः साहित्याचा विद्यार्थी, आणि शाळेत पीटीच्या तासाला पोटात दुखणाऱ्यांपैकी. पण कोण पाहतो, कुठून पाहतो आणि कोणासाठी पाहतो, हा प्रश्न आपण कथा-कादंबरीला नेहमी विचारतो. पाठ्यपुस्तक, ॲप आणि तीस सेकंदांचा व्हिडिओ यांनाही तो विचारता येतो. त्यांनाही निवेदक असतो, आणि त्यांनीही एक वाचक गृहीत धरलेला असतो.

कॅमेरा आणि व्यायाम यांची गाठ कालपरवा पडली, हा पहिला गैरसमज. चालत्या प्रतिमेचा जन्मच शरीराच्या हालचालींच्या अभ्यासातून झाला. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात का, याचा उलगडा मायब्रिजने १८७८ मध्ये ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी केला. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली गतीच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं. तिथले त्यांचे सहकारी जॉर्ज देमेनी हे मुळात व्यायामाचे अभ्यासक. धावणारी, उडी मारणारी माणसं त्यांनी एकाच पट्टीवर क्षणाक्षणाने टिपली. सिनेमा गोष्ट सांगू लागण्याआधी उडीच्या पायऱ्या दाखवत होता, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचा कोंब वाढताना टिपला. डोळ्याला न दिसणारी संथ गती त्यांनी वेगवान करून दाखवली. मोबाईलमधलं ‘स्लो मोशन’ तेच काम उलट्या दिशेने करतं.

मराठी व्यायामपरंपरेनेही माध्यमाला कधी दूर ठेवलं नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. दंड, बैठका, मल्लखांब, कुस्ती, लाठी हे सगळं तोवर वस्तादाच्या तोंडी आणि चेल्याच्या अंगी असलेलं ज्ञान होतं. ते शब्दांत आणि चित्रांत उतरवण्याचा हा अफाट खटाटोप. असा कोश चाळताना एक गंमत ध्यानात येते. चित्रात पकड थिजलेली असते, तर मजकूर तिला पुन्हा हलवू पाहतो. ‘मग’, ‘लगेच’, ‘त्याच वेळी’ या क्रियाविशेषणांच्या खांद्यावर सगळी गती असते. मराठी गद्याला एवढ्या बारीक शारीरिक क्रियांचं वर्णन करायची पाळी क्वचितच आली असेल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचंही तेच. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि त्यांच्या प्रसारासाठी पुस्तकं लिहिली. १९३८ साली लंडनमध्ये निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात स्वतः राजेसाहेबच आसनं करून दाखवतात. स्वतःचं शरीर माध्यमात मांडून ‘माझ्याकडे पाहा आणि करा’ असं सांगणारे ते एक आरंभीचे मराठी गृहस्थ. आजच्या रीलवाल्या प्रशिक्षकांनी त्यांचा फोटो लावायला हवा.

मोजमापाचीही तीच कथा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासलं. नौलीत आतड्यात निर्माण होणाऱ्या ऋण दाबाला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ म्हटलं. यंत्राने मोजलेल्या गोष्टीला गुरूचं नाव! तेव्हा परंपरा आणि उपकरण यांचं वैर आपल्याकडे होतं, हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

एक योगायोग तर विलक्षण आहे. १९३६ च्या उन्हाळ्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने गेलं आणि तिथे त्यांनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीच्या एपे प्रकारात विजेवर चालणारी गुणनोंद पहिल्यांदा वापरली गेली. टोक लागलं की दिवा पेटणार. पंचांच्या डोळ्यांवर भिस्त नाही. तलवारबाजी आज आमच्या शहरातल्या पोरांना परकी राहिलेली नाही. साईच्या केंद्रात तिचं प्रशिक्षण चालतं. अंगात धातूचं जाकीट घालून, पाठीमागे तार लावून खेळणाऱ्या या मुलांना ‘खेळात यंत्र आलं’ याचं नवल वाटत नाही. पण दिवा फक्त स्पर्श सांगतो. पाऊल कधी टाकायचं, हे तो सांगत नाही. ते शिकवायला समोर प्रशिक्षकच लागतो, आणि यंत्र आल्यामुळे तो निकामी झालेला नाही.

आता आजच्या साधनांकडे येऊ. पहिलं साधन पाठ्यपुस्तकाचं. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. चौकोनावर मोबाईल धरा, पाठाशी संबंधित दृक-श्राव्य साहित्य उघडेल, अशी ही सोय. गणिताच्या पुस्तकात ती चांगली आहे. मूल घरी बसून पाहील, थांबवेल, पुन्हा पाहील. शारीरिक शिक्षणात मात्र तिच्यात मूळचीच एक विसंगती आहे. पुस्तक दप्तरात, दप्तर वर्गात, आणि तास मैदानावर. शाळेच्या नियमाने मुलांना मोबाईल आणायला बंदी. मग चौकोन स्कॅन कोणी करायचा आणि कुठे? घरी पाहायचं म्हटलं तर खो-खोला नऊ जण पाठलाग करणारे लागतात, आणि आमच्या शहरातल्या बहुतेक घरांत तर लंगडीपुरतीही जागा नसते. ‘खेळू, करू, शिकू’ हे प्राथमिक वर्गांचं पुस्तक खेळ, कार्यानुभव आणि कला यांना एकत्र आणतं. मला ते त्याच्या क्रियापदांसाठी आवडतं. नावात तिन्ही क्रियापदं आहेत आणि तिन्ही प्रथमपुरुषी आहेत. ‘पाहू’ हे क्रियापद त्यात नाही, हे चांगलंच म्हणायचं.

दुसरं साधन ‘खेलो इंडिया’ ॲप. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी ते आलं. अठरा खेळांची ओळख, जवळची मैदानं शोधण्याची सोय आणि शाळकरी मुलांच्या तंदुरुस्तीची नोंद असे त्याचे तीन भाग. पहिल्या दोहोंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिसरा भाग मात्र बारकाईने वाचण्याजोगा आहे, कारण तिथे मुलाचं शरीर एका वाक्यात लिहिलं जातं.

त्यातली चाचणीमाला अशी. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनावरून काढलेला बीएमआय, एका पायावर तोल आणि हाताने चकत्यांना आळीपाळीने स्पर्श करणं. नऊ वर्षांपुढे बीएमआय, ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढे वाकणं, तीस सेकंदांत पोटाचे अर्धे उठाव आणि जोर. मुलींसाठी गुडघे टेकवून. यादी वाईट नाही. साधन फार लागत नाही, गावातल्या शाळेतही करता येते, आणि एका शिक्षकाला एका वर्गाची चाचणी दोन-तीन तासांत उरकता येते. पण यादी काय सोडते तेही पाहायला हवं. झेलणं नाही, फेकणं नाही, उडी नाही, दिशा बदलणं नाही. म्हणजे खो-खोचा जीव ज्यात आहे ती हुलकावणी या ॲपच्या लेखी अस्तित्वातच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यांच्या अंगात जे आहे त्याचा मोठा हिस्सा या सहा आकड्यांत सापडणार नाही.

एका पायावर तोल सांभाळण्याच्या चाचणीचं नाव आहे ‘फ्लेमिंगो’. ज्या भाषेत लंगडी नावाचा अख्खा खेळ आहे, त्या भाषेतल्या मुलाला एका पायावर उभं राहायला परदेशी पक्ष्याचं नाव. (फ्लेमिंगो आमच्या जिल्ह्याला अगदीच परका नाही. पैठणजवळ नाथसागरावर हिवाळ्यात तो येतो, म्हणून तक्रार मागे घेतो.) नावाचा हा मुद्दा दिसतो तेवढा हलका नाही. बडोद्याच्या माणिकरावांनी कवायतीच्या इंग्रजी आज्ञा टाकून देशी भाषेतल्या आज्ञा घडवल्या. शरीराने ज्या भाषेत हुकूम ऐकायचा ती भाषा आपली असावी, हा त्यामागचा विचार. जुम्मादादांच्या या शिष्याने सामूहिक व्यायामाला शब्द दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळा त्या वळणाच्या आज्ञांवर वळल्या, थांबल्या. आज मोबाईलवरून ‘प्लँक’, ‘स्क्वॅट’, ‘बर्पी’ येतात. बैठकेला स्क्वॅट म्हटल्याने गुडघ्याला फरक पडत नाही हे खरं. पण पोरांना बैठक ही आजोबांची आणि स्क्वॅट हा आपला वाटू लागतो. मी विचारलं तेव्हा एका नववीतल्या मुलाने दोन्ही वेगळे व्यायाम असल्याचं मला ठामपणे सांगितलं.

बीएमआयचं प्रकरण याहून गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के कमी वजनाची आढळली. १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ही मुलं-मुली मैदानावर येतात तेव्हा ६०० मीटरच्या वेळेत त्यांचं पोषण धावत असतं. ॲपमध्ये मात्र तो आकडा ‘तंदुरुस्ती’ या शीर्षकाखाली, मुलाच्या नावासमोर बसतो. कादंबरीत अशी चूक असती तर आपण म्हटलं असतं की लेखकाने परिस्थितीचं दुःख पात्राच्या स्वभावावर ढकललं आहे. बीड-जालन्याकडच्या ऊसतोड कुटुंबातलं मूल तर दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर निघतं आणि मार्चच्या आगेमागे परततं. त्याची नोंद जूनमध्ये सुरू होते आणि मधेच तुटते. ‘गैरहजर’ या रकान्यात त्याने त्या महिन्यांत वाहिलेल्या मोळ्या दिसत नाहीत.

अचूकतेबद्दलही थोडं. ५० मीटर नऊ सेकंदांत धावणारं मूल सेकंदाला साडेपाच मीटर जातं. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर अंगठा दोन दशांश सेकंद मागेपुढे पडला, आणि तो पडतोच, तर मीटरभराचा फरक पडला. ॲथलेटिक्समध्ये हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ विजेच्या वेळेशी ताडताना ०.२४ सेकंद वाढवण्याचा संकेत आहे, तो याच कारणाने. घड्याळात चूक नाही, अंगठ्यात आहे. पण एकदा आकडा पडद्यावर उमटला की अंगठा विसरला जातो. रोज दहा हजार पावलांचा नेमही असाच. १९६५ साली जपानमध्ये एका पाऊलमापकाला दिलेल्या नावातून ती संख्या रूढ झाली आणि आता प्रत्येक मोबाईल ती वैद्यकीय सत्य असल्यासारखी सांगतो. शिवाय आमच्या मुलींच्या गणवेशाला खिसाच नसतो. पावलं मोजणारा मोबाईल मग कट्ट्यावर दप्तरात पडून राहतो आणि दिवसभर ती मुलगी एक पाऊलही चालली नाही अशी नोंद करतो.

पुन्हा त्या लांब उडीकडे. व्हिडिओ दाखवून दुरुस्ती करणं हा मोबाईलचा मैदानावरचा सर्वांत मोठा दावा. दावा पोकळ नाही. रेघेवरचं पाऊल सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागात पडून उठतं. साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं धरली तर त्या पावलाच्या वाट्याला तीन-चार चित्रं येतात. माणसाच्या डोळ्याला त्यातलं एकही वेगळं धरता येत नाही. पाऊल बारीक होतं ते दाखवायला मोबाईलच हवा होता.

तरीही कौशल्य-अध्ययनाच्या संशोधनात एक जुना, आपल्याकडे फारसा न पोचलेला निष्कर्ष आहे. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवलं, की प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून मिळणारी माहिती सरावाच्या वेळी कामगिरी सुधारते, पण ती काढून घेतली की शिकणारा उघडा पडतो. तो तिच्यावर टेकलेला असतो. विन्स्टाइन आणि श्मिट यांना १९९० मध्ये असं आढळलं, की निम्म्याच प्रयत्नांनंतर माहिती दिलेल्यांना ते कौशल्य नंतर अधिक चांगलं टिकवता आलं. १९९८ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी तोल सांभाळण्याच्या प्रयोगात पाहिलं, की लक्ष स्वतःच्या पायांवर ठेवणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या उपकरणावर ठेवणारे चांगलं शिकले. या तिन्ही गोष्टी आमच्या तालमीतल्या वस्तादांना ठाऊक होत्या असा दावा मी करत नाही. परंपरेचा असा गौरव फार स्वस्त असतो, आणि पुष्कळ वस्ताद नुसते ओरडत असत. पण चांगला वस्ताद दहा वेळा गप्प बसतो आणि अकराव्यांदा एक शब्द बोलतो, हे कुस्ती पाहिलेल्या कोणालाही आठवेल. मोबाईलला गप्प बसता येत नाही. तो प्रत्येक उडी दाखवतो.

आणि दाखवतो ते काय? शरीर, बाहेरून. उडी मारताना मुलीला आतून जमीन, जोर, वारा जाणवत असतो. व्हिडिओत ती एक दिसणारी मुलगी होते. म्हणून तर वेणी, ओढणी आणि जाडी. ज्या वयात मुली तसंही सगळ्यांच्या नजरांनी स्वतःकडे पाहू लागतात, त्याच वयात मैदानावरचे दोन मोकळे क्षणही आपण पुन्हा त्याच आरशाला नेऊन देत आहोत का? माझ्या मते या विषयातला खरा धोका हाच आहे. डोळे बिघडतात किंवा वेळ जातो, ही कुरकुर त्यापुढे किरकोळ.

त्याच सरांनी पुढच्या आठवड्यात वेगळं केलं. उडीनंतर व्हिडिओ दाखवला नाही. पाऊल जिथे बारीक होतं तिथे, रेघेच्या सहा-सात पावलं अलीकडे, फक्कीची चिमूट टाकली आणि सांगितलं, ‘इथून पुढे मोजू नकोस, नुसती पळ.’ ती मुलगी त्या खुणेकडे पाहत धावली. मोबाईल सरांनी पाहण्यासाठी वापरला, दाखवण्यासाठी नाही. हे त्यांनी वुल्फ वाचून केलं नव्हतं. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून केलं, असं त्यांनी मला सांगितलं. मराठवाड्याच्या उन्हाचे शिक्षणावर इतके उपकार असतील असं वाटलं नव्हतं.

टाळेबंदीत हा विषय पुरता उघडा पडला. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत अभ्यासमाला मोबाईलवर गेली. पीटीचा तासही गेला. मुलं गादीवर जोर काढत आणि आई कॅमेरा धरी. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा उघडल्या तेव्हा पोरं मैदानावर काही दिवस नुसती पळत होती, कोणी काही सांगितलं नसताना. त्या पळण्याची नोंद कुठल्याही ॲपमध्ये नाही.

एक आर्थिक बाजूही आहे, तिला थोडक्यात आवरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या, शंभरांहून अधिक पटाच्या शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण शाळांपैकी सुमारे ६६ टक्के शाळांना मैदान होतं, आणि २०१८ पासून हा आकडा जवळपास हललेला नाही. त्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. म्हणजे मैदानापेक्षा मोबाईल अधिक मुलांपर्यंत पोचला आहे. ज्या शाळेत मैदान नाही आणि निदेशक नाही तिथे ‘डिजिटल शारीरिक शिक्षण’ हा उपाय ठरत नाही, तो उणिवेवर टाकलेला रुमाल असतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जाई. पुढे ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पार केली. याचा अर्थ गरिबीने धावपटू घडतात असा कृपा करून काढू नये. त्याच्या वाटेवर शाळेआधी रस्ता होता आणि नंतर सैन्यदलातले प्रशिक्षक होते, एवढंच त्यातून निघतं.

‘असर’च्याच आकड्यांत आणखी एक आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या या वयाच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. घरात फोन भावाचा, वडलांचा. शाळेत तो सरांचा. मुलीची उडी ज्या पडद्यावर साठते तो पडदा तिचा कधीच नसतो. सरांच्या फोनमध्ये तो व्हिडिओ त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाशेजारी, व्हॉट्सॲपच्या शुभ सकाळींच्या गर्दीत पडून राहतो. सर सज्जन आहेत. पण व्यवस्था माणसाच्या सज्जनपणावर सोडून द्यायची नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. बालकाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती हवी आणि त्याच्या वर्तनावर पाळत नको, असं तो कायदा म्हणतो. काही संस्थांना सवलती देण्याची वाटही त्यातच ठेवलेली आहे. एका शिक्षकाच्या खाजगी फोनमधल्या चाळीस मुलींच्या चाळीस उड्या या सगळ्यात कुठे बसतात, हे मी तीन-चार मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांना माझा प्रश्नच अवाजवी वाटला. ‘अहो, पीटीचाच तर तास आहे,’ एकाने म्हटलं.

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. आपल्याकडे त्याचं उत्तर बहुतेकदा कंपनीच्या अटींवर असं येतं, आणि अटी बदलतातही. खेळाडूंची हालचाल व्हिडिओवर रेघा ओढून समजावणारं ‘कोचेस आय’ हे ॲप जगभर वापरात होतं. २०२२ मध्ये ते कंपनीने बंद केलं. त्यावर शिकवायची सवय लागलेल्यांनी दुसरं शोधलं असेल. मुजुमदारांचा कोश मात्र कोणी बंद करू शकलेलं नाही. ग्रंथालयात धूळ खात का होईना, उघडला की तो चालू होतो.

माझ्या वहीतली शेवटची नोंद त्याच मैदानावरची आहे. घंटा झाली, मुली हातपाय धुवायला पळाल्या. सर कट्ट्यावर बसून एकेक व्हिडिओ पुसत होते. मीच आदल्या दिवशी त्यांच्याशी यावर बोललो होतो. शूटिंग करणारी मुलगी पाण्याची बाटली घ्यायला परत आली आणि त्यांच्या खांद्यावरून पाहत थांबली. ‘सर, ते गेलं नाही अजून,’ ती म्हणाली. ‘बिनमध्ये असतं. तिथूनही काढावं लागतं.’ सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन तिच्यापुढे धरला. ‘कुठं असतं म्हणालीस?’